तार तुटली की हात आडवा



आज ज्या पानाबद्दल लिहिणार आहे ते तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी मुद्दाम उघडून पाहिले नसेल. फोनवरून पैसे देणे, तिकिटे काढणे, कंपन्यांचे हिशेब, विरोप अशा महाजालावर चालणाऱ्या सेवा ज्या कंपन्या चालवतात, त्यांतल्या बऱ्याच जणी एक वेगळे पान ठेवतात. त्याला 'स्टेटस पेज' म्हणतात. त्यावर मुख्यतः एकच गोष्ट सांगितलेली असते, की आमची सेवा या क्षणी चालू आहे की बंद. चालू असेल तर हिरवी खूण, अडखळत असेल तर पिवळी, बंद पडली तर लाल. आणि त्या पानामागे कुठेतरी एक यंत्र दर मिनिटाला त्या सेवेचे दार ठोठावून "आहेस का?" असे विचारत असते. पूर्वी गावोगाव रात्री फिरणारा जागल्या असे ना, तसाच हा. मी त्या यंत्राला जागल्याच म्हणते.

आमची नात, थोरल्याची मुलगी, पुण्यात हिंजवडीला अशाच एका कंपनीत काम करते. तिची पाळी असली की फोन उशाशी. जागल्याला लागोपाठ उत्तर मिळाले नाही की तिचा फोन बोंब ठोकतो, मग रात्रीचे तीन असोत की दिवाळीची पहिली आंघोळ. गेल्या दिवाळीला ती बेलापूरला आली होती तेव्हा हा प्रकार मी जवळून पाहिला, आणि विचारून विचारून तिला भंडावले.

"अगं, पण ती हिरवी खूण लावतं कोण?"

"कोणी लावत नाही आजी. ती असतेच. बिघडलं तर आम्ही बदलतो."

हे उत्तर माझ्या मनात बरेच दिवस खुपत राहिले. आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवल्यामुळे नवी वस्तू दिसली की तिचे खापरपणजोबा शोधायची खोड मला आहे. या हिरव्या खुणेचे खापरपणजोबा मला आमच्याच स्टेशनात सापडले.

बेलापूरच्या स्टेशनाची गंमत इकडच्या लोकांना ठाऊक आहे. गाव बेलापूर प्रवरेकाठी, आणि त्याचे नाव घेतलेले स्टेशन मात्र गावापासून काही किलोमीटर दूर. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. पुढे त्या स्टेशनाभोवती वस्ती वाढून श्रीरामपूर शहर झाले, तरी स्टेशनाचे नाव बेलापूरच राहिले. (नव्या मुंबईतल्या बेलापूरशी होणारा घोळ तो वेगळाच. असो.)

आमच्या लहानपणी हा मार्ग एकेरी होता आणि सिग्नल म्हणजे उंच खांबावरचा तांबडा लाकडी-पत्र्याचा हात. हात आडवा असला की गाडीने थांबायचे, खाली झुकला की यायचे. म्हणून तर "सिग्नल पडला" असे कोणी ओरडले की फलाटावरची माणसे गाठोडी उचलत. आमच्या शेजारी एक पॉइंट्समन राहत. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. केबिनमधला दांडा ओढला की लांबच लांब तार खेचली जाऊन तो हात पडतो, हे त्यांनीच दाखवले. तेव्हा आमच्यातल्या कोणीतरी विचारले, तार मध्येच तुटली तर? काका म्हणाले, "तार तुटली की हात आडवा." हाताच्या यंत्रणेला एक वजन लावलेले असे. तारेचा ताण गेला की ते वजन हाताला आपोआप आडव्या, म्हणजे 'थांबा'च्या जागी नेई. तार शाबूत, माणूस जागा, पुढचा मार्ग मोकळा, हे सगळे जुळून आले तरच हात पडायचा. काहीही बिघडले तरी उत्तर एकच, थांबा.

रात्री त्या हाताशी तांबड्या-हिरव्या काचेमागे रॉकेलचा दिवा असे. तो वाऱ्याने विझला तर? त्यालाही नियम होता, आणि आजही आहे. जो सिग्नल दिसायला हवा तिथे दिसत नाही किंवा धड दिसत नाही, तो धोक्याचाच समजायचा. अंधार म्हणजे 'ठीक' असे चालकाने गृहीत धरायचे नाही.

एकेरी मार्गावर आणखी एक रीत होती. पुढच्या स्टेशनकडून 'लाइन क्लिअर' मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही. दोन्ही स्टेशनांतली यंत्रे तारेने जोडलेली. पलीकडच्या मास्तरने आपल्या यंत्राची कळ दाबली तरच इकडच्या यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडे. तो गोळा पिशवीत घालून, पिशवी मोठ्या कड्याला अडकवून चालकाच्या हाती दिली जाई. पलीकडून उत्तर आले नाही तर गोळा नाही, आणि गोळा नाही तर गाडी नाही. थोडक्यात, दोन स्टेशने एकमेकांना "आहेस का?" विचारत होती, आणि गप्प राहण्याचा अर्थ 'नाही' असाच धरला जात होता.

ही अक्कल पहिल्या दिवसापासून मात्र नव्हती. इंग्लंडात सुरुवातीच्या काळात सिग्नल एरवी 'या' असेच ठेवले जात, आणि गरज पडली तरच 'थांबा' दाखवला जाई. २१ जानेवारी १८७६ ला ॲबट्स रिप्टन नावाच्या स्टेशनाजवळ मोठा हिमवर्षाव चालू होता. केबिनमधल्या माणसाने दांडा ओढून सिग्नल 'थांबा'वर टाकला होता, पण बर्फ साचल्याने खांबावरचा हात हललाच नाही. तो आपला 'या, या' म्हणत राहिला. एडिंबरोहून लंडनला निघालेली जलद गाडी त्या हातावर विश्वास ठेवून आली आणि पुढच्या कोळशाच्या गाडीवर आदळली. थोड्याच वेळात समोरून लीड्सची गाडी आली आणि त्या ढिगाऱ्यावर चढली. डझनभराहून अधिक माणसे गेली. चौकशी झाली, आणि त्यानंतर सिग्नलची मूळ अवस्था 'थांबा' ही असावी असे ठरत गेले. आमचा दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला तो या अपघातानंतर दोनच वर्षांनी. काकांच्या त्या पाच शब्दांमागे इतकी माणसे होती, हे कळायला मला बराच काळ लागला.

आता पुन्हा संगणकांकडे येऊ.

तिथल्या जागल्याचा जन्म डिसेंबर १९८३ चा. अमेरिकन सैन्याच्या एका प्रयोगशाळेत माइक म्यूस नावाच्या गृहस्थांनी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. एका संगणकाने दुसऱ्याला साद घालायची आणि पडसाद किती वेळात येतो ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. पाणबुडी शोधताना ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर कान ठेवतात, त्या आवाजावरून त्यांनी त्याला 'पिंग' हे नाव दिले. पुढे महाजालावर दुकाने थाटली गेली तेव्हा ही साद घालणे हाच एक धंदा झाला. स्वीडनमधल्या एका कंपनीने तर नावच 'पिंगडम' घेतले. जगातल्या निरनिराळ्या शहरांतून ती तुमच्या दारावर टकटक करी आणि दार उघडले नाही तर तुम्हाला कळवी. हे 'निरनिराळ्या शहरांतून' फार महत्त्वाचे बरे का. घरात बसून आपले दार बाहेरून उघडते की नाही हे कळत नाही.

पण हे सगळे मालकाला कळवण्यासाठी झाले. गिऱ्हाइकाला सांगायचे कोणी? सेल्सफोर्स नावाची अमेरिकन कंपनी दुसऱ्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांच्या नोंदी महाजालावर सांभाळते. डिसेंबर २००५ मध्ये तिची सेवा काही तास बंद पडली आणि लोक फार संतापले. त्यानंतर २००६ मध्ये तिने आपल्या यंत्रणेची रोजची तब्येत सर्वांना दिसेल असे पान उघडले. स्वतःचा आजार चव्हाट्यावर मांडणे तेव्हा धाडसाचेच वाटले असणार. २००८ मध्ये ॲमेझॉननेही आपल्या भाड्याच्या संगणकांसाठी असे पान सुरू केले. नंतर तर अशी पाने तयार करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतली 'स्टेटसपेज' ही ॲटलासियनने २०१६ मध्ये विकत घेतली.

आणि मग २८ फेब्रुवारी २०१७.

ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या साठवणुकीच्या सेवेत कोणा कर्मचाऱ्याने थोडे संगणक बाजूला काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेतला एक आकडा चुकला आणि हवे होते त्यापेक्षा कितीतरी जास्त संगणक बाहेर गेले. जगभरची असंख्य संकेतस्थळे त्या एका सेवेवर उभी होती, ती एकामागोमाग आडवी झाली. ज्यांना शंका आली त्यांनी ॲमेझॉनचे तब्येतीचे पान उघडले, तर तिथे सगळे हिरवेगार! कारण ते पान बदलण्याची यंत्रणाही त्याच बंद पडलेल्या साठवणुकीवर अवलंबून होती. तिथल्या वेळेप्रमाणे सकाळी ९:३७ ते ११:३७ असे दोन तास त्यांना खुणा बदलताच आल्या नाहीत. शेवटी ट्विटरवर लिहून लोकांना सांगावे लागले. हे सगळे ॲमेझॉनने नंतर स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केले, याबद्दल त्यांना पुरे गुण.

वाचताना मला तो बर्फात अडकलेला हात दिसला. १४१ वर्षे मध्ये गेली होती. रेल्वेने जे १८७६ मध्ये शिकून घेतले ते या हुशार मंडळींना कोणी सांगितले नव्हते का? की सांगितले, पण परवडत नव्हते?

परवडण्याचा प्रश्न खराच आहे, आणि तो मला नातीकडून कळला. या सेवांच्या करारात चालू राहण्याची टक्केवारी लिहिलेली असते. ९९.९ टक्के हा शब्द तिथे फार प्रिय. शाळेत एवढे गुण मिळाले तर पेढे वाटू. पण हिशेब करून पाहा. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे. त्याचा हजारावा भाग म्हणजे ४३ मिनिटे. वर्षाला पावणेनऊ तास. त्यात आणखी एक नऊ वाढवला, म्हणजे ९९.९९ टक्के, तर वर्षाला ५२ मिनिटे. आणखी एक वाढवला तर जेमतेम सव्वापाच मिनिटे! प्रत्येक नवा नऊ आधीच्याच्या दहापट कडक. त्या मर्यादेपलीकडे सेवा बंद राहिली तर गिऱ्हाइकाला बिलात सूट द्यावी लागते. म्हणजे पान लाल करणे ही नुसती बातमी राहत नाही, ते जवळजवळ कबुलीपत्र होते. मग लाल करायचे की पिवळ्यावर भागवायचे, 'बंद' लिहायचे की 'काही ग्राहकांना विलंब जाणवू शकतो' असे लिहायचे, यावर वरिष्ठांशी चर्चा होते. आणि चर्चा चालू असेपर्यंत खूण हिरवी.

मराठीचे पेपर तपासताना अशी गुळमुळीत वाक्ये लिहिणाऱ्या मुलांचे गुण मी कापत असे.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर मुंबईचे. १९९४ पासून राष्ट्रीय शेअर बाजाराचे सौदे पडद्यावर, उपग्रहाच्या मदतीने देशभरातून होऊ लागले. एकमेकांवर ओरडून सौदे करण्याचा जमाना त्याने संपवला. २४ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी ११:४० ला या बाजाराचे व्यवहार थांबले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांतल्या अडचणींचे कारण बाजाराने दिले. दुपारचे साडेतीन म्हणजे बंद होण्याची वेळ, आणि तोपर्यंत पुन्हा सुरू होणार की नाही हे कोणालाच ठाऊक नाही. ज्यांनी त्या दिवशीच मिटवायचे म्हणून सौदे केले होते त्यांचे काय? बऱ्याच दलालांनी आता हा बाजार उघडत नाही असे धरून, चालू असलेल्या मुंबई शेअर बाजारात मिळेल त्या भावाला गिऱ्हाइकांचे सौदे मिटवून टाकले. आणि मग वेळ संपण्याच्या अगदी तोंडावर कळले की व्यवहार ३:४५ ते ५ पर्यंत होणार आहेत! ज्यांचे सौदे आधीच मिटले होते ते हात चोळत बसले.

वर्षाचे २५० दिवस आणि रोजचे सव्वासहा तास धरले, तर हा एकच खंड मोजून बाजार त्या वर्षी पावणेशंभर टक्क्यांच्याही वर, साधारण ९९.७५ टक्के चालला. टक्केवारी पाहून कोणी म्हणणार नाही की काही बिघडले. पण माणसांचे नुकसान बंद पडण्यापेक्षा न कळण्यामुळे जास्त झाले, असे माझे मत आहे. सेबीलाही तसे काहीसे वाटले असावे, कारण मार्च २०२३ मध्ये तिने नियम घालून दिले की बाजार बंद पडला तर जास्तीत जास्त १५ मिनिटांत सर्वांना तसे कळवायचे. काय झाले ते पुढे कळवा, पण काहीतरी झाले आहे हे आधी सांगा.

शेअर बाजार आपल्या बेलापुरात किती जण करतात कोण जाणे, पण यूपीआय आता भाजीवालीच्या टोपलीला लावलेले आहे. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये ते काही आठवड्यांत अनेकदा अडखळले. १२ एप्रिलला तर शनिवार, वर हनुमान जयंती, बाजारात गर्दी. त्या दिवशीच्या बिघाडाचे कारण वाचून मी चाटच पडले. बँकांच्या यंत्रणांकडून "अमक्या व्यवहाराचे काय झाले?" अशा विचारणांचा पूर आला आणि त्या पुराखाली मूळ यंत्रणा दबली. जुन्या जुन्या व्यवहारांचीही पुन्हा पुन्हा चौकशी होत होती. दार ठोठावून ठोठावूनच दार मोडले म्हणायचे! पुढे १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपमधून दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येईल अशी मर्यादा आली, ती याच विचाराने. (पन्नास वेळा शिल्लक पाहणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. असल्यास त्याने बँकेऐवजी डॉक्टरकडे जावे.)

अशा वेळी सामान्य माणसाला सगळ्यात आधी कळते ते कुठल्या कंपनीच्या पानावरून नव्हे. 'डाउनडिटेक्टर' नावाचे एक संकेतस्थळ आहे, २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेले. तिथे लोकच तक्रारी नोंदवतात आणि तक्रारींचा डोंगर उभा राहिला की काहीतरी बंद आहे हे सगळ्यांना दिसते. मास्तरने फळ्यावर गाडीचा उशीर लिहायच्या आधी फलाटावरच्या माणसांच्या चेहऱ्यावरून तो कळायचा, त्यातलाच प्रकार. पण बाहेरचा जागल्याही कधी कधी त्याच छपराखाली झोपलेला निघतो. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर या मोठ्या कंपनीत बिघाड झाला तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या डाउनडिटेक्टरलाही तडाखा बसला. लोक "काय बंद आहे?" हे पाहायला गेले तर तेच धड उघडेना. क्लाउडफ्लेअरचे स्वतःचे तब्येतीचे पान मात्र शहाणपणाने दुसरीकडे ठेवलेले होते. पण योगायोग असा, की नेमके तेव्हाच तेही बंद पडले, आणि त्यांच्या लोकांना काही काळ कोणी हल्लाच केला आहे असे वाटत राहिले.

आणि ती ॲटलासियन, जिने तब्येतीची पाने बनवणारी कंपनी विकत घेतली होती? एप्रिल २०२२ मध्ये तिच्याच एका चुकीच्या आज्ञेने ७७५ गिऱ्हाइकांची कामाची जागा पुसली गेली. काहींना ती परत मिळायला दोन आठवडे लागले. आपण लोकांना लवकर आणि मोकळेपणाने सांगायला हवे होते, असे कंपनीने नंतर लिहिले. सोनाराने कान टोचावेत म्हणतात, इथे सोनाराचेच कान टोचायचे राहिले होते.

हे सगळे मी नातीला फोनवर वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी, म्हणजे आमचं उलटं आहे. आमची तार तुटली की हात पडलेलाच राहतो."

"मग वजन लावा की."

ती हसली, पण तिने ते मनावर घेतले. तिच्या कंपनीत आतापर्यंत रीत अशी, की जागल्याने बोंब मारली तरी पान माणसाने बदलायचे, आणि माणसाने वरून परवानगी घ्यायची. तिने असे सुचवले आहे की तीन वेगळ्या शहरांतल्या जागल्यांना लागोपाठ पाच मिनिटे उत्तर मिळाले नाही तर पान आपोआप पिवळे व्हावे. हिरवे करायला माणूस लागावा, पिवळे व्हायला नको. जागल्याच गप्प झाला तर ते पान करडे पडावे आणि 'आम्हाला सध्या माहीत नाही' असे त्यावर दिसावे. एका सहकाऱ्याने लगेच शंका काढली, की मधल्याच कुठल्या तारेत दोष असला तर उगाच पिवळे दिसेल, गिऱ्हाइके घाबरतील, सूट मागतील. शंका खोटी नाही. आमच्या मार्गावरही सिग्नल नादुरुस्त म्हणून गाड्या उगाच अर्धा-अर्धा तास खोळंबत आणि माणसे स्टेशन मास्तरला शिव्या देत. काका म्हणायचे, शिव्या देतायत म्हणजे जिवंत आहेत.

तिचा कागद वरिष्ठांकडे जाऊन आता तीन आठवडे झाले. अजून उत्तर आलेले नाही.